ब्युइकला नुसती ‘म्हाताऱ्यांची गाडी’ म्हणू नका

मिशिगनकर

नमस्कार मंडळी. धाग्याला निमित्त आमच्या समोरच्या घरातल्या आजोबांचं. वय ८२. मिशिगनमधल्या फ्लिंट गावच्या ब्युइक मोटार कारखान्यात ३१ वर्षं काम करून निवृत्त झालेले. डोळ्यांमुळे आता गाडी चालवता येत नाही, म्हणून त्यांना त्यांची १९९९ ची ब्युइक लेसाबर विकायची आहे. माझी मुलगी या वर्षी कॉलेजला जाणार हे त्यांना ठाऊक आहे आणि गाडी आमच्याच घरी यावी असं त्यांच्या मनात आहे. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, “बाबा, ती म्हाताऱ्यांची गाडी आहे.”

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. इथे गेली चाळीस वर्षं ब्युइकबद्दल हेच ऐकू येतं. पण डेट्रॉइटच्या आसपास अठरा वर्षं राहून, गाड्यांच्याच धंद्यात पोट भरत असताना, मला या नावाबद्दल जे कळलं ते कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं. अमेरिकन गाड्यांमध्ये आज टिकून असलेलं सगळ्यांत जुनं नाव ब्युइकचं मानतात. जनरल मोटर्स ही कंपनीच मुळात ब्युइकच्या कमाईवर उभी राहिली.

डेव्हिड डनबार ब्युइक मूळचा स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथचा, जन्म १८५४. दोन वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर डेट्रॉइटला आला. धंदा नळकामाचा. बिडाच्या टबावर पांढरं इनॅमल पक्कं बसवायची रीत त्याने काढली. घराघरांतल्या बिडाच्या पांढऱ्या बाथटबामागे या माणसाचं डोकं आहे. त्यात चांगला पैसा मिळत असताना त्याला इंजिनांचं वेड लागलं. नळकामाचा धंदा विकून सगळा पैसा त्याने इंजिनात घातला, आणि १९ मे १९०३ ला ब्युइक मोटर कंपनीची नोंदणी झाली.

त्याच्याकडच्या वॉल्टर मार आणि युजीन रिचर्ड या दोघांच्या हातून जे इंजिन आकाराला आलं, त्यात व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) सिलिंडरच्या बाजूला नव्हते, डोक्यावर होते. तेव्हा बहुतेक सगळे व्हॉल्व्ह बाजूला बसवत. मग पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला वळसा घालून आत जावं लागे. व्हॉल्व्ह वर आले की वाट सरळ होते, सिलिंडर नीट भरतो आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद निघते. आज तुमच्या-माझ्या गाडीतही व्हॉल्व्ह वरच असतात.

इंजिन उत्तम, पण पैशाचा हिशेब ब्युइकला कधीच जमला नाही. कर्ज देणाऱ्या ब्रिस्को बंधूंनी कंपनी फ्लिंटच्या एका घोडागाडी कारखान्याला विकली. १९०४ साली जेमतेम ३७ गाड्या बनल्या आणि पैसे संपले. तेव्हा विल्यम ड्युरंटला बोलावणं गेलं. ड्युरंट देशातल्या सर्वांत मोठ्या घोडागाडी उत्पादकांपैकी एक होता आणि त्याला मोटारींचा आवाज मनापासून नकोसा वाटे. त्याने ब्युइक घेतली आणि फ्लिंटभोवतालच्या चिखलातून, खाचखळग्यांतून आठवडेच्या आठवडे स्वतः चालवली. मोडली की दुरुस्त करायची, पुन्हा निघायचं. १ नोव्हेंबर १९०४ ला कंपनी त्याच्या हाती आली. दोनच महिन्यांनी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्याने हजाराहून जास्त गाड्यांच्या ऑर्डरी घेतल्या. तोवर बनलेल्या गाड्या चाळीसच्या आसपास!

१९०८ पर्यंत वर्षाला आठ हजारांवर ब्युइक बनू लागल्या. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला ड्युरंटने जनरल मोटर्स स्थापन केली आणि ओल्ड्समोबाइल, कॅडिलॅक, ओकलंड अशा कंपन्या एकेक करून त्यात ओढल्या. एवढ्यावर थांबत नाही. ब्युइकसाठी शर्यती पळवणारा लुई शेव्हरोले पुढे स्वतःच्या नावाची गाडी काढतो. ब्युइकचा प्रमुख चार्ल्स नॅश नॅश मोटर्स काढतो. ब्युइकचा कारखाना चालवणारा वॉल्टर क्रायस्लर क्रायस्लर कंपनी काढतो. एकाच गावातून, एकाच कारखान्यातून ही माणसं निघाली.

आणि डेव्हिड ब्युइक? ड्युरंट आल्यावर काही वर्षांतच तो बाजूला पडला. तेलाच्या, जमिनीच्या धंद्यात हात पोळून घेतले. शेवटी डेट्रॉइटच्या एका तंत्रशाळेत शिकवलं, आणि तेही झेपेना तेव्हा तिथेच चौकशीच्या टेबलावर बसला. १९२९ च्या मार्चमध्ये तो गेला तेव्हा त्याच्या नावाच्या लाखो गाड्या रस्त्यावर होत्या. फ्लिंटमध्ये त्याचा पुतळा आहे. मी त्यापुढे जाऊन उभा राहतो तेव्हा दर वेळी वाईट वाटतं.

गाडी घ्यावी का, हे विचारायचं आहेच. पण त्याआधी तुम्हाला ब्युइकबद्दल काय ठाऊक आहे ते सांगा.

---

शिवडीकर

मिशिगनकर, सुरेख लिहिलंत. टबाचं मला अजिबात ठाऊक नव्हतं.

आमच्या घरातली एक आठवण. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता. सुटे भाग लाकडी खोक्यांतून बोटीने यायचे आणि इथे जोडणी व्हायची. गाड्या मुख्यतः शेव्हरोले. माझे आजोबा तिथे फिटर होते. त्या खोक्यांच्या फळ्या कामगारांना स्वस्तात मिळत, त्यांचं कपाट आमच्या चाळीतल्या खोलीत परवापरवापर्यंत होतं. आतल्या बाजूला अर्धी पुसलेली इंग्रजी अक्षरं होती. त्या काळच्या मुंबईतल्या माणसांच्या तोंडी अमेरिकन गाड्यांची जी उतरंड होती, ती आजोबा बोटांवर मोजून सांगायचे. शेव्हरोले दुकानदाराची, ब्युइक डॉक्टर-बॅरिस्टरची, कॅडिलॅक संस्थानिकाची.

१९५३ मध्ये सरकारने ठरवलं की नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे जागा नाही, गाडी इथेच बनवायची तयारी हवी. १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. फोर्डनेही त्याच सुमारास गाशा गुंडाळला.

---

मिशिगनकर

शिवडीकर, आजोबांची उतरंड अगदी बरोबर होती, कारण ती कंपनीनेच आखलेली होती. आल्फ्रेड स्लोन जनरल मोटर्सचे प्रमुख झाल्यावर त्यांनी प्रत्येक खिशासाठी एक गाडी ठरवली. खाली शेव्हरोले, मग पॉन्टिअॅक, ओल्ड्समोबाइल, ब्युइक आणि टोकाला कॅडिलॅक. माणूस नोकरीत वर चढला की त्याने गाडीतही एक पायरी चढायची. ब्युइक वरून दुसरी. इथेही तिला डॉक्टरांचीच गाडी म्हणत. रात्री-अपरात्री रोग्याकडे जायचं तर गाडी सुरू व्हायलाच हवी, आणि कॅडिलॅकमधून उतरणारा डॉक्टर रोग्याला परवडणारा वाटत नाही. पैसा आहे पण तो दाखवायचा नाही, अशा माणसांची ही गाडी.

---

आडवाट

धागा आवडला, पण एक बाजू राहिली. ‘म्हाताऱ्यांची गाडी’ हे नाव काही कुणी वैरापोटी दिलेलं नाही, ब्युइकने ते स्वतःहून ओढवून घेतलं.

१९५५ साली ब्युइकने क्रायस्लरच्या प्लिमथला मागे टाकून विक्रीत देशात तिसरा क्रमांक मिळवला. सात लाखांवर गाड्या! शेव्हरोले आणि फोर्ड यांच्यानंतर थेट ब्युइक, म्हणजे उतरंडीतली वरून दुसरी गाडी खपात वरून तिसरी. पण आकडा गाठायच्या घाईत कामाचा दर्जा घसरला. पुढच्या दोन वर्षांत ब्रेकच्या आणि गिअरबॉक्सच्या तक्रारींनी नाव खराब झालं, आणि १९५८ मध्ये विक्री अडीच लाखांच्या आसपास आली. त्या वर्षीच्या ब्युइकवर क्रोमची इतकी रेलचेल आहे की पाहवत नाही.

दुसरं, १९४८ मध्ये आलेला डायनाफ्लो गिअरबॉक्स. गिअर बदलल्याचं जाणवतच नाही, इतका मऊ. पण गाडी निघायला वेळ लावी आणि पेट्रोल पिई. तेव्हापासून ब्युइक म्हणजे सोफ्यावर बसून तरंगत जाणं, हे लोकांच्या मनात पक्कं झालं. तरुणांना तरंगायचं नसतं.

आणि १९८० च्या दशकात तर शेव्हरोले, ओल्ड्समोबाइल, ब्युइक यांच्यातला फरक जाळीपुरता आणि नावाच्या पट्टीपुरता उरला. उतरंड स्लोननी बांधली, ती त्यांच्या वारसांनी मोडली.

---

मिशिगनकर

आडवाट, १९५८ बद्दल वाद नाही. पण मग १९४९ चंही लिहा. बोनेटच्या बाजूला ती गोल भोकं आली, महागड्या रोडमास्टर ब्युइकला प्रत्येक बाजूला चार, बाकीच्यांना तीन. लांबून भोकं मोजली तरी मालकाची ऐपत कळे. जनरल मोटर्सच्या गाड्यांची रूपं आखणाऱ्या हार्ली अर्लने १९३८ मध्ये काढलेली वाय-जॉब ही जगातली पहिली कॉन्सेप्ट कार (विकायला नाही, नव्या कल्पना दाखवायला बनवलेली गाडी) मानतात. झाकणारे दिवे, विजेवर चालणाऱ्या काचा. तिच्यावरही नाव ब्युइकचंच. वळण्याआधी लुकलुकणारे दिवे कारखान्यातूनच बसवून देण्याची सुरुवातही १९३९ च्या ब्युइकने केली. आज रिक्षालाही ते असतात.

ब्युइकच्या दोन इंजिनांची हकिगत मात्र सविस्तर सांगतो, कारण मला ती सगळ्यात जवळची आहे.

१९६१ मध्ये ब्युइकने साडेतीन लिटरचं अॅल्युमिनियमचं व्ही-८ (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात बसवलेले आठ सिलिंडर) इंजिन काढलं. वजनाला हलकं, पण ओतायला महाग आणि कटकटीचं. तीनच वर्षांत बंद. पुढे रोव्हर कंपनीच्या विल्यम मार्टिन-हर्स्टना ते विस्कॉन्सिनमधल्या एका बोटींच्या इंजिनांच्या कारखान्यात दिसलं. त्यांनी हक्क विकत घेतले. तेच इंजिन १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरमध्ये बसलं आणि रूपं बदलत चार दशकं चाललं. इंग्लंडच्या उमरावांच्या गाडीत धडधडणारं काळीज फ्लिंटचं होतं!

दुसरं व्ही-६. त्याच व्ही-८ चे दोन सिलिंडर कमी करून, अॅल्युमिनियमऐवजी बीड वापरून १९६२ मध्ये स्वस्तात बनवलेलं. अमेरिकन प्रवासी गाडीत मोठ्या संख्येने बनलेलं हे पहिलं व्ही-६. पण कोन व्ही-८ चाच ९० अंशांचा राहिला, त्यामुळे स्फोटांमधलं अंतर सारखं पडेना आणि इंजिन थरथरे. पेट्रोल स्वस्त होतं, लोकांना व्ही-८ हवं होतं. १९६७ मध्ये ब्युइकने त्याची सगळी यंत्रसामग्री जीप बनवणाऱ्या कायझरला विकून टाकली. मग १९७३ चं तेलसंकट आलं. लहान इंजिन हवं, पण आपल्याकडे नाही! ब्युइकच्या लोकांनी भंगारवाल्याकडून एका जुन्या जीपचं इंजिन आणलं, आपल्या गाडीत बसवून पाहिलं, आणि १९७४ मध्ये तीच यंत्रं परत विकत घेतली. १९७७ मध्ये क्रँकशाफ्टच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) पिना दुभागून थरथर घालवली. त्यावर टर्बो (जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारं यंत्र) चढवून १९८७ मध्ये काळ्या रंगाची जीएनएक्स आली. फक्त ५४७ गाड्या, आणि त्या वर्षीच्या कॉर्व्हेटला, म्हणजे शेव्हरोलेच्या स्पोर्ट्स गाडीला, मागे टाकणाऱ्या. म्हाताऱ्यांची गाडी बनवणाऱ्यांनीच बनवलेली.

आजोबांच्या लेसाबरमध्ये त्याच घराण्यातलं ३८०० इंजिन आहे.

---

किल्लीवाला

३८०० म्हणालात म्हणून लिहायला बसलो. मी पुण्यात गॅरेज चालवतो, त्याआधी सात वर्षं न्यू जर्सीत एका मराठी माणसाच्याच गॅरेजात होतो. तिथे ३८०० भरपूर हाताळली. बिडाचा ब्लॉक, टायमिंगला साखळी, उगाच गुंतागुंत नाही. तेल वेळेवर बदललं तर अडीच-तीन लाख मैलांपर्यंत हूं की चूं करत नाही.

तुमच्या गाडीत दोन गोष्टी बघा. एक, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे) प्लास्टिकचे दोन छोटे एल्बो, म्हणजे वाकड्या नळ्या, असतात, पट्ट्याच्या टेन्शनरजवळ. प्लास्टिक वयाने ठिसूळ होतं आणि मग कूलंट गळतं. भाग अगदी स्वस्त आहे, धातूचाही मिळतो. दुसरं, वरचा इन्टेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) हाही प्लास्टिकचा, आणि गरम नळी जिथून जाते तिथे तो आतून वितळतो. कूलंट कमी होतंय पण खाली डाग नाही, असं असेल तर हेच.

मिशिगनमध्ये रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून गाडी वर उचलून ब्रेकच्या नळ्या आणि सबफ्रेम (इंजिन पेलणारा खालचा सांगाडा) टॉर्च लावून बघा. इंजिन राहील, पत्रा जाईल.

---

मेधा_पूर्वेकडून

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे पाच वर्षं शांघायला होते. तिथे हा प्रश्न पडणारच नाही, कारण तिथे ब्युइक ही म्हाताऱ्यांची गाडी कधी नव्हतीच! कंपनीच्या साहेबाला विमानतळावर घ्यायला येते ती ब्युइक. जीएल८ नावाची मोठी गाडी, मागे दोन आरामखुर्च्या. आमच्या सोसायटीत लग्नाच्या वरातीत मी सहा काळ्या जीएल८ ओळीने पाहिल्या आहेत.

तिथलं नातं जुनं आहे. १९३० च्या दशकात शांघायच्या रस्त्यांवर ब्युइक भरपूर होत्या. शेवटचा सम्राट पुयी, पुढे पंतप्रधान चौ एन-लाय, यांच्याकडेही ब्युइकच. नंतरची चाळीस-पन्नास वर्षं अमेरिकन गाड्या दिसेनाशा झाल्या, पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘मोठ्या माणसाची गाडी’ म्हणून नाव राहिलं. १९९७ मध्ये जनरल मोटर्सने शांघायच्या सरकारी कंपनीशी भागीदारी केली तेव्हा पहिली गाडी म्हणून शेव्हरोले नाही, कॅडिलॅक नाही, ब्युइकच निवडली. १९९८ च्या डिसेंबरात ती कारखान्याबाहेर आली.

२००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली तेव्हा पॉन्टिअॅक बंद झाली, सॅटर्न बंद झाली. ओल्ड्समोबाइल तर आधीच, २००४ मध्ये. ब्युइक राहिली, कारण त्या वर्षी ती चीनमध्ये अमेरिकेच्या चौपट खपत होती. २०१६ मध्ये चीनमध्ये दहा लाखांच्या वर, अमेरिकेत सव्वादोन लाखांच्या आसपास. डेट्रॉइटच्या गाडीला शांघायच्या गिऱ्हाइकाने वाचवलं.

आणि भारतीय वाचकांसाठी : तिथे रस्त्यावर दर दहा मिनिटांनी एक ब्युइक एक्सेल दिसायची, आणि मला सारखं वाटायचं, ही गाडी कुठेतरी पाहिली आहे. ती आपली शेव्हरोले ऑप्ट्रा! दोन्ही मूळच्या कोरियाच्या देवूच्या.

---

किल्लीवाला

मेधाताई, आज कळलं! म्हणजे मी पुण्यात इतकी वर्षं ब्युइकच दुरुस्त करतोय. ऑप्ट्राचे काही भाग चीनहून येतात आणि खोक्यावर ती तीन ढालींची खूण असते. मला वाटे चुकीचं खोकं आलं.

---

मेधा_पूर्वेकडून

आणखी एक. त्यांची पहिली ब्युइक सेल म्हणजे आपल्याकडची ओपेल कोर्सा. एकच गाडी एका देशात ओपेल, दुसऱ्यात ब्युइक.

---

आडवाट

पण मेधाताई, हेच माझं म्हणणं आहे ना? कोरियाच्या गाडीवर ढाली लावल्या की ती ब्युइक होते. आज अमेरिकेत ब्युइक नावाने जे विकतात, त्यात एन्व्हिजन चीनहून येते, एन्व्हिस्टा आणि एन्कोर जीएक्स कोरियाहून. एन्क्लेव्ह तेवढी मिशिगनमध्ये बनते. सेडान एकही उरली नाही. फ्लिंटमध्ये ब्युइकची एकही गाडी बनत नाही. मग ‘सगळ्यांत जुनं नाव’ म्हणजे नेमकं काय जुनं राहिलं?

---

सुनंदा_का

आडवाट यांचा प्रश्न मला फार लागला. मी कामगार चळवळीचा अभ्यास करते, म्हणून फ्लिंटच्या बाजूने लिहिते. जुनं राहिलं आहे ते तिथल्या माणसांचं आहे.

३० डिसेंबर १९३६ ला फ्लिंटमधल्या, जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या बॉड्या बनवणाऱ्या फिशर बॉडी कारखान्यांत कामगार यंत्रांजवळ बसून राहिले. कारखाना सोडायचा नाही, म्हणजे मालकाला दुसरी माणसं आणून काम चालवता येत नाही. फिशरच्या एक नंबरच्या कारखान्यात ब्युइकच्याच बॉड्या बनत. मिशिगनची कडाक्याची थंडी, आत हजारो माणसं, बाहेर बायका जेवण पोचवत होत्या. ११ जानेवारीच्या रात्री पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तेव्हा जेनोरा जॉन्सन या तेवीस वर्षांच्या बाईने ध्वनिक्षेपकावरून गावातल्या बायकांना हाक दिली आणि त्या पोलिसांची फळी ओलांडून आल्या. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ ला, जनरल मोटर्सने कामगार संघटनेला मान्यता दिली. अमेरिकेतल्या कामगाराला स्वतःचं घर, मुलांचं कॉलेज, म्हातारपणी पेन्शन मिळालं, त्याची एक वाट या कारखान्याच्या दारातून गेली आहे. गिरणगावात वाढलेल्या मला हे वाचताना अंगावर काटा येतो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस फ्लिंटमध्ये जनरल मोटर्सचे जवळपास ८० हजार लोक कामाला होते. आता त्याच्या दशांशाच्या आसपास. ब्युइक सिटी म्हणत ती जोडणीची जागा २९ जून १९९९ ला बंद झाली. शेवटची गाडी लेसाबर होती. त्या कारखान्याच्या कामाचा दर्जा तेव्हा देशात नावाजलेला होता, तरीही. नंतर तिथे चारशे एकरांवर नुसत्या सिमेंटच्या लाद्या उरल्या.

आणि पाणी. २०१४ च्या एप्रिलमध्ये पैसे वाचवायला गावाला फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यासाठी ते बंद करून दुसरीकडून पाणी घेतलं, कारण त्याने इंजिनाचे भाग गंजत होते. गावातली मुलं तेच पाणी आणखी वर्षभर प्यायली. शिसं त्यांच्या रक्तात गेलं.

मिशिगनकर, तुमच्या आजोबांना हे सगळं ठाऊक असेल. जमलं तर त्यांच्याशी बोला.

---

शिवडीकर

सुनंदाताई, काही सुचत नाही लिहायला. आमच्या गिरण्यांच्या जागी टॉवर आले, तिथे ते तरी आले नाहीत.

तळेगावही आठवलं. जनरल मोटर्सने २००८ मध्ये कारखाना काढला, २०१७ नंतर इथे गाड्या विकणं बंद केलं, २०२० च्या अखेरीस उत्पादनही थांबलं. आता ती जागा ह्युंदाईची.

---

मिशिगनकर

तीन दिवस लिहू शकलो नाही. शनिवारी आजोबांकडे गेलो होतो, मुलीला घेऊन.

सुनंदाताई, तुम्ही म्हणालात म्हणून विचारलं. त्यांचे वडील १९३७ ला फिशरच्या एक नंबरमध्ये आत बसलेल्यांपैकी होते. हे स्वतः ब्युइक सिटीत दारं बसवायच्या विभागात. दार बंद होताना कसा आवाज यायला हवा, ते त्यांनी मुलीला दारं उघडून-मिटून ऐकवलं. चार दारं, प्रत्येक दोनदा. १९९९ च्या जूनमध्ये शेवटच्या दिवशी ते कामावर होते. त्याबद्दल जास्त बोलले नाहीत. ही गाडी त्याच वर्षीच्या मार्चमधली, कर्मचाऱ्यांच्या सवलतीत घेतलेली. काचेखालच्या चासी नंबरातलं अकरावं अक्षर बोट ठेवून दाखवलं. ‘एच’ म्हणजे फ्लिंट.

आडवाट, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे कंपनीच्या बाजूचं उत्तर नाही. मला तिथे त्यांचं ते बोट दिसलं.

गाडी १,१८,००० मैल चाललेली. मुलीने घराभोवती दोन फेऱ्या मारल्या, आजोबा शेजारी बसले होते. परत आल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली की पुढची सीट आपल्या दिवाणखान्यातल्या कोचापेक्षा चांगली आहे, आणि आजोबांना दर महिन्याला एक फेरी मारून आणायचं तिने कबूल केलंय.

किल्लीवाला, खालून टॉर्च लावून पाहिलं. मागच्या ब्रेकच्या नळ्या नव्या दिसतात. पत्र्याला उजव्या मागच्या चाकावर मुठीएवढा गंज आहे, बाकी ठीक. त्यांच्याकडे एक वही आहे, पहिल्या दिवसापासून प्रत्येक तेलबदलाची नोंद, मैलांसकट. एल्बो २०११ मध्ये बदललेत, धातूचे टाकलेत. मॅनिफोल्ड २०१३ मध्ये.

---

किल्लीवाला

वही असेल तर दुसरं काही बघू नका. घ्या.

आणि वही चालू ठेवायला सांगा मुलीला.